न विचारता केलेली खिडकी

स्वयंपाकघर आणि बाहेरच्या खोलीमधली भिंत फोडून भाडेकरू सुताराने कुणालाही न विचारता खिडकी केली. आत एकट्या राबणाऱ्या बायकोशी त्याला गप्पा मारता येऊ लागल्या. आठवड्याभरात घरमालक काकांना कुणकुण लागली. ते करारपत्र फडकावत वरच्या मजल्यावरून तरातरा खाली आले; मागोमाग काकू. “एक खिळासुद्धा ठोकायचा नाही, असं लिहिलंय इथे! भिंत होती तशी करा, नाहीतर घर सोडा!” सुताराचं तोंड एवढंसं झालं. “चुकलो, काका. उद्याच बुजवतो.” काकू मात्र कधीच स्वयंपाकघरात शिरल्या होत्या. त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “अहो, इथून तुम्ही चक्क दिसता! तीस वर्षं मागतेय मी अशी खिडकी.” मग सुताराकडे वळून म्हणाल्या, “उद्या हातोडा घेऊन आमच्याकडे ये.” “अगं, मला विचारलंस का?” काका ओरडले. “ह्याने तरी कुठे विचारलं?”