नफीसाची जवारी

दंडावरच्या नव्या पट्टीने रात्रभर रक्त वाचून काढलेला आकडा पाहिला आणि नफीसा तशीच अब्बांच्या सतारीच्या कारखान्यात धावली. संधिवाताचं निदान व्हायलाच तीन वर्षं आणि ढीगभर तपासण्या गेल्या होत्या. दुखणं सुरू झाल्यापासून तिने जवारीला, म्हणजे तारांखालची घोडी घासून सूर खुलवण्याच्या कामाला, हात लावला नव्हता. सतारीची घोडी ज्या हाताने घासायला घेतली, त्याच हाताने पुरी करायची, हा घरचा रिवाज. आणि बोटं कधी सुजतील याचा नेम नव्हता.

“अब्बा, ती मोठी सतार द्या. जवारी मी लावते.”

“दोन दिवसांचं काम आहे, बेटा. मध्येच दुखलं तर?”

नफीसाने कानस उचललीसुद्धा.

“परवा दुपारी चारला दुखणार आहे, पट्टीने आधीच सांगितलंय,” ती हसत म्हणाली. “तोवर सतार बोलायला लागलेली असेल.”