लेथजवळची खुर्ची

त्या सकाळीही बाबा म्हणाले, “मला शेठ म्हण ना. कानांना सवय होऊ दे.” स्वेच्छानिवृत्ती घेऊन त्यांनी मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत शेड घेऊन एकट्याने लेथ मशीन टाकलं होतं. गिऱ्हाइकाने ‘शेठ’ म्हटलं की ते अजूनही मागे वळून पाहत. मालकासाठी खुर्ची घेतली, पण बसत स्टुलावरच. “बाबा, डबा विसराल,” एवढंच मी म्हटलं. दुपारी ते मशीनपाशीच कोसळले आणि गेले. तेराव्यानंतर काका शेडमध्ये येऊन त्या खुर्चीत पसरले आणि भंगारवाल्याशी मशीनचा भाव ठरवू लागले. “आपण गायकवाडी शिपायांची अवलाद. हुकूम ऐकायचा, पगार घ्यायचा. धंद्याचं खूळ कुणी भरवलं तुझ्या बापाच्या डोक्यात?” तेवढ्यात दारातून एका गिऱ्हाइकाने गुजरातीत विचारलं, “शेठ छे?” शेठ आहेत का? “इथे कुणी शेठबिठ नव्हता,” काका खेकसले. “शेठ वारले,” मी त्याला सांगितलं आणि काकांकडे वळले. “उठा त्यांच्या खुर्चीतून.”