फ्रिजचा काटा

डॉक्टरांनी मायक्रोस्कोपवरून डोळा काढला, पुसला आणि परत लावला. टेबलापलीकडे नाथा उभा. शेजारी बायडाबाई, रिकामा थर्मास पोटाशी धरून.

काचेवर कलेक्टरच्या बीजाचा थेंब होता. कलेक्टर म्हणजे त्यांचा अल्सेशियन. दिवसभर झेंडूच्या सावलीत पडून राहायचा आणि कुणाचंच काम करायचा नाही, म्हणून हे नाव. घरात मूलबाळ नव्हतं. त्यावरून सासूने बायडाबाईला शेवटपर्यंत ऐकवलं. सासू गेल्यावर कलेक्टर आला आणि अकरा वर्षं मखमलाबादच्या त्या मळ्यावर त्याचा हुकूम चालला.

म्हातारपणी त्याचे मागचे पाय गेले. डॉक्टरांनी शनिवारी त्याचं बीज काढून अंड्याच्या बलकाच्या द्रावणात मिसळून एका नळीत भरून दिलं. मनमाडची एक अल्सेशियन मादी मंगळवारी फळायला तयार होणार होती. तोवर फ्रिजचा काटा तीनवर. "तापलं तरी मरतं, गोठलं तरी मरतं," डॉक्टरांनी बजावलं होतं.

रविवारी कलेक्टर गेला. आता जे काही होतं ते त्या नळीत.

बायडाबाई माळकरी. तिच्या घरात अंडं कधी आलं नव्हतं. तरी तिने विकायचे गजरे बाहेर काढून नळीला जागा केली. मे महिन्याच्या उकाड्यात गजरे काळे पडले, तरी तिने ते परत आत ठेवले नाहीत. घडीघडी जाऊन फ्रिजपाशी उभी राहायची.

"झाली का पाहणी?" नाथा विचारायचा.

"हळू बोला. पोरं निजलीत."

आज सकाळी नळी काढताना नाथाला काटा सातवर दिसला. नळीला बर्फाची साय धरली होती. त्याने काटा गुपचूप तीनवर आणला, नळी फडक्याने पुसली आणि वाटभर कलेक्टरच्या खोड्या सांगत राहिला.

"एकही हलत नाही," डॉक्टर म्हणाले. "हे गोठलं होतं, नाथाभाऊ. काटा कुणी फिरवला?"

बायडाबाईने तोंड उघडलं. थर्मास टेबलावर ठेवून ती पुढे झाली.

"मी," नाथा म्हणाला. "लय उकडत व्हतं. म्हटलं, जास्त गार असलं तर जास्त टिकंल."

"इतकं सांगून?"

"सांगितलं व्हतं तुम्ही. माझीच अक्कल."

डॉक्टर बराच वेळ बोलत होते. नाथा मान खाली घालून सगळं ऐकत होता. बायडाबाई त्याच्याकडे बघत होती.

बावीस वर्षांपूर्वी अशाच एका टेबलापलीकडे दुसरे एक डॉक्टर नाथाच्या रिपोर्टवर बोट ठेवून हेच म्हणाले होते, एकही हलत नाही, आणि घरी आल्यावर, सासूने विचारायच्या आत, बायडाबाईने सांगून टाकलं होतं, "दोष माझ्यात हाय."