काठावरचं बोट

“मेंटॉर म्हणजे मार्गदर्शकच ना? मग त्या चोवीस वर्षांच्या पोरीला परत पाठव,” बिडकर सर बायकोला म्हणाले. तीस वर्षं त्यांनी शाळेत भूगोल शिकवला होता. काचबिंदूनं दृष्टी गेल्यापासून चार महिने ते पाणीसुद्धा बायकोच्या हातून पीत होते.

अंधांसाठीच्या संस्थेनं पाठवलेली शबाना दारात उभी राहून ऐकत होती. नवव्या वर्षी तिची दृष्टी गेली होती. “मार्गदर्शक मोठी माणसं असतात, सर,” ती म्हणाली. “मी फक्त याच वाटेवर तुमच्याआधी ठेचकाळलेय. कुठं लागतं, तेवढं सांगेन.”

ती त्यांना ओट्यापाशी घेऊन गेली. कपाच्या काठावर आतून बोट ठेवून ओतायचं, बोटाला लागलं की थांबायचं. पाण्यानं जमलं. चहा ओतताना मात्र बोट भाजलं, हात उडाला आणि चहा ओट्यावर सांडला. बायको फडकं घेऊन धावली.

“काकू, त्यांना पुसू द्या,” शबाना म्हणाली. “मी पहिल्यांदा सांडला, तेव्हा आईनं पातेलं काढून घेतलं. पुढं सात वर्षं मला कुणी गॅसजवळ जाऊ दिलं नाही.”

सरांनी चाचपडत ओटा पुसला, दुसरा कप भरला आणि बायकोपुढं धरला. तिनं घोट घेतला.

शबाना निघाली तेव्हा सर भिंत धरून दारापर्यंत आले.

“उद्या किती वाजता येणार, बाई?” त्यांनी विचारलं.