शेजारची कुंडी

लिलीकाकूंचा अंगठा पानाच्या मागे गेला आणि तिथेच थांबला.

पानाच्या पाठीला फिकट अंड्यांचा पुंजका चिकटला होता. मोहरीहूनही बारीक. घरची कुंडी असती तर त्यांनी तो केव्हाच चिरडून हात धुऊन टाकले असते. पण ही कुंडी शेजारच्या घड्याळजींची होती.

लिलीवर पडणारी काळी, पांढऱ्या ठिपक्यांची अळी काकूंना नावानिशी ओळखते, असं गल्लीत गमतीनं म्हणत. रोज सकाळी चष्मा लावून त्या पान न् पान उलटायच्या आणि अळी दिसली की चिमटीत धरून साबणाच्या पाण्यात टाकायच्या. अशी डोळ्यांत तेल घालून राखण केल्यावरच दर वर्षी फुलांच्या प्रदर्शनातला पहिला चषक त्यांच्या कपाटात येऊन बसायचा. यजमान गेल्यापासून त्या घरात कौतुक करायला माणसं येत, ती त्या एकाच दिवशी.

यंदा मात्र पंचाईत झाली होती. ज्या घड्याळजींना साधं गवत जगवता आलं नव्हतं, त्यांच्या कुंडीत काकूंच्या लिलीपेक्षा वीतभर उंच दांडा आला होता. वर टपोऱ्या कळ्या.

"भावजी, कंद कुठून आणलात?" काकूंनी भिंतीवरून सहज विचारल्यासारखं विचारलं होतं.

"एकानं दिलाय जपायला," घड्याळजी म्हणाले. "प्रदर्शनापर्यंत फुलेल ना हो, वहिनी?"

"फुलेल की," काकू म्हणाल्या, आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

घड्याळजी म्हणजे यजमानांचे जिवलग मित्र. दोघं संध्याकाळी त्याच भिंतीला टेकून तासन् तास गप्पा मारत. यजमानांना भलताच नाद होता. रंगाचा कुंचला घेऊन ते एका फुलातले पराग दुसऱ्या फुलाला लावत बसायचे. "मधमाश्यांना रजा दिलीत वाटतं?" काकू चिडवायच्या. त्या खटाटोपातून काकूंच्या डोळ्यांदेखत कधी काही निपजलं नाही. ते गेल्यावर काकूंनी त्यांच्या कुंड्या रिकाम्या केल्या आणि त्यांत आपल्या बक्षिसाच्या लिली लावल्या.

मुलीच्या बाळंतपणासाठी घड्याळजींना अचानक परगावी जावं लागलं. अंगणाची किल्ली देताना त्यांनी दोनदा बजावलं, "बाकी सगळं वाळलं तरी चालेल, वहिनी. तेवढी लिली सांभाळा. प्रदर्शनाआधी येतोच मी."

"निर्धास्त जा."

आणि आता अंगठा पानामागे थांबला होता.

काकूंनी तो हळूच काढून घेतला. आपण काहीच केलेलं नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. पाणी तर घातलं ना.

पुढे त्या रोज जात राहिल्या. पाणी घालायचं, पान उलटायचं नाही, आणि मान वळवून परत यायचं. अंडी फुटली. आधी पानांची चाळण झाली, मग कळ्यांना भोकं पडली. एकदा त्यांना राहवलं नाही. साबणाच्या पाण्याचा डबा घेऊन त्या निघाल्याही होत्या, पण वाटेत स्वतःच्या लिलीवर नजर गेली. ती अजून बुटकीच होती. डबा त्यांनी मोरीत ओतला.

बाळंतपण लांबलं आणि घड्याळजी वेळेवर आलेच नाहीत. पहिला चषक काकूंना मिळाला. माणसं आली, चहा झाला, कौतुक झालं. फक्त चषक ठेवताना कपाटाच्या काचेत स्वतःचं तोंड बघवेना.

दुसऱ्या दिवशी घड्याळजी परतले. आजोबा झाल्याचा आनंद अंगणात पाऊल टाकेपर्यंतच टिकला. काकू भिंतीपाशी उभ्याच होत्या. उत्तर त्यांनी पाठ करून ठेवलं होतं.

"बघता बघता खाल्लं हो, भावजी. मी रोज येत होते, पण..."

घड्याळजी कुंडीशी उकिडवे बसले. घड्याळातले बारीक स्क्रू उचलणारी त्यांची बोटं मातीत गेली आणि कंद घेऊन वर आली. अळीनं तोही आतून पोखरला होता. दाबताच पाणी सुटलं.

घड्याळजींनी संशय घ्यावा, भांडावं, निदान एक तरी वाकडा शब्द बोलावा असं काकूंना वाटलं. भांडण झालं असतं तर त्यांना उलट बोलता आलं असतं. घड्याळजींनी नुसती मान खाली घातली.

"तुमचा काय दोष? तुम्ही होता म्हणून तर बिनघोर गेलो. चूक माझीच. हा कंद आधीच भिंतीवरून तुमच्या हातात द्यायला हवा होता."

"माझ्या? तो कशाला?"

घड्याळजी कंदावरची माती पुसत राहिले.

"शेवटच्या आजारपणात त्यानं माझ्याकडे दिला होता. त्या कुंचल्याच्या खटपटीतून जगलेला हा एकच. म्हणाला, 'फुलेपर्यंत तिला सांगू नकोस, चिडवेल. फुलला की प्रदर्शनात तिच्या नावानं ठेव.'"