पाच सुया

आईला सुईत दोरा ओवणं जमेनासं झालं, तेव्हापासून लेक कामावर निघताना पाच सुया ओवून ठेवायची. "डोळे गेलेत, हात नाही गेले माझे," म्हणत आई दिवसभर घरादाराचं उसवलेलं शिवायची. कात्री शेजारी असली तरी दोरा दातांनीच तोडायची.

आई गेली. त्या दिवशी ओवलेल्या पाच सुया लेकीला काढवल्या नाहीत.

आज सकाळी घाईत, "आई, कोटाचं बटण लोंबतंय, तेवढं लावून ठेव गं," असं सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं. मग कोट तिथेच टाकून ती डोळे पुसत निघाली.

संध्याकाळी तिनं रिकाम्या घराचं कुलूप काढलं. चार सुयांत दोरा होता, पाचवीत नव्हता. कोटाचं बटण घट्ट बसलं होतं.

दोऱ्याच्या तुटक्या टोकाला तिनं बोट लावलं. ते अजून ओलं होतं.