बिघाडाचं माहेर

"दोष कोणाचा, तेवढं सांगा बाई," खुर्चीवर टेकायच्या आधीच वच्छलाबाई म्हणाल्या.

डॉ. दीक्षा रामटेकेने हातातलं काम बाजूला ठेवलं. कळमेश्वरहून माणसं आली होती. वच्छलाबाई, त्यांचा मुलगा सुशील आणि दाराशीच थांबलेली सून कामिनी. तिच्या ओढणीत तोंड लपवून सहा वर्षांची तन्वी.

पोरीच्या नाकागालांवर काळे डाग उठले होते. घटकाभर उन्हात गेली तरी कातडी सोलून निघायची, आणि नागपूरकडचं ऊन ते. त्वचेच्या डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांच्या रक्ताचे नमुने दीक्षाच्या प्रयोगशाळेत पाठवले, कारण इतकी वर्षं ती हेच शोधत होती: पेशीतला डीएनए तुटला की तो सांधला कसा जातो, आणि नाही सांधला तर पेशी आपणहून मरते कशी.

तिने सोप्या शब्दांत सांगितलं. उन्हाने सगळ्यांच्याच कातडीतला डीएनए तुटतो. शरीर तो रोज सांधतं. फारच मोडलेली पेशी मरून जाते, आणि ते बरंच. नाहीतर तिचाच पुढे कॅन्सर होऊ शकतो. तन्वीच्या शरीराला हे सांधणंच जमत नाही. त्याला औषध नाही. उन्हापासून मात्र नीट जपलं तर पोरगी शिकेल, मोठी होईल.

वच्छलाबाईंना हे ऐकायचं नव्हतं. कामिनी त्यांच्या सख्ख्या भावाची मुलगी. भावाचं रक्त चोख, ही कीड भावजयीच्या घराण्याची, असं त्या गावभर सांगत सुटल्या होत्या. मायलेकींना माहेरी धाडून झालं होतं, आज निकालापुरतं बोलावलं होतं. सुशीलसाठी दुसरी सोयरीकही हेरून ठेवली होती. आता फक्त मॅडमच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं.

घरच्या भांडणात पडू नका, असं डॉक्टरांनी दीक्षाला बजावलं होतं. तिने कामिनीकडे पाहिलं. कामिनीने मान हलवली. सांगा.

"असा बिघाड आई आणि बाप, दोघांकडूनही यावा लागतो," दीक्षा म्हणाली. "एकट्या कामिनीकडून आला असता तर पोरगी धडधाकट असती. सुशीलमध्येही तो आहे, अगदी त्याच जागी. इतका क्वचित सापडणारा बिघाड दोघांत हुबेहूब सारखा, म्हणजे तो एकाच घरातून आलाय. हिला तुमच्या भावाकडून, सुशीलला तुमच्याकडून. ते घर तुमचं माहेर आहे, वच्छलाबाई."

यात गुन्हा कोणाचाच नाही, हे तिचं पुढचं वाक्य कोणी ऐकलंच नाही.

वच्छलाबाईंचा हात तोंडाशी गेला. सुशील ताडकन उठला. आईकडे न बघता म्हणाला, आता आईने माझ्या घरात राहायचं नाही, आजच काकाकडे सोडून येतो. बायकोला धाडतानाही तो असाच, तोंड फिरवून बोलला होता.

पोरीचा हात धरून कामिनी पुढे आली आणि सासूच्या खुर्चीशी उभी राहिली.

"आत्या कुठीच जाणार नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "मले काढून पोरगी बरी नाही झाली, इले काढून बी नाही होणार. आमी तिघी संगच राहू. तुमाले जमत नसन, तर तुमी निघा."